किरणोत्सर्गी मूलद्रव्ये पिकांत कशी शिरतात

झाशीहून ललितपूर व बीन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बबीन्याच्या अलीकडे, बिजौली नावाचे गाव आहे. गेल्या काही दशकांत तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली असली, तरी भोवतालचा मुलूख शेतीचाच आहे. गहू, हरभरा, वाटाणा, तीळ, भुईमूग ही या भागातील नेहमीची पिके होत. या मुलखात शेतांच्या मधूनच तांबूस ग्रॅनाइटचे उघडे खडक वर आलेले दिसतात. बुंदेलखंडाचा हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. महाराष्ट्रातील काळा कातळ त्याच्यापुढे अगदीच अलीकडचा, केवळ साडेसहा कोटी वर्षांचा. अठराव्या शतकात नारो शंकर यांच्या अमदानीपासून जी मराठी कुटुंबे झाशीस येऊन स्थायिक झाली, त्यांचा मुलूख बदलला तसा पायाखालचा खडकही बदलला, असे म्हणावयास हरकत नाही. खडक बदलला की माती बदलते, आणि माती बदलली की तिच्यातून पिकात काय चढते तेही बदलते. प्रस्तुत विषयाचे मर्म येथेच आहे.

बिजौलीस अणुभट्टी नाही. तरीसुद्धा तेथील मातीचा नमुना संवेदनशील मापकाखाली पुरेसा वेळ ठेवला, तर त्यातून किरणोत्सर्ग होत असल्याचे आढळून येईल. हा किरणोत्सर्ग दोन प्रकारच्या मूलद्रव्यांपासून होतो. पहिला प्रकार निसर्गाने दिलेला. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, म्हणजे शेतकऱ्याच्या परिचयाचा पालाश, विपुल असतो. आणि जगातील कोणत्याही पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंपैकी एकाहून किंचित अधिक अणू पोटॅशियम-40 या किरणोत्सर्गी जातीचे असतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षे आहे. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदास सुमारे 31 अणू फुटतात. दर सेकंदास एक अणू फुटणे, या मापास 'बेकेरेल' असे नाव आहे. त्याखेरीज ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दहा लाख भागांत चारपाच भाग व थोरियम पंधराच्या आसपास सापडते. काळ्या कातळात ही दोन्ही त्याहून कितीतरी कमी असतात.

दुसरा प्रकार मनुष्याने निर्माण केलेला. 1945 पासून 1980 पर्यंत निरनिराळ्या राष्ट्रांनी उघड्या वातावरणात अण्वस्त्रांचे स्फोट केले. त्यांची धूळ वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन पृथ्वीभर पसरली आणि पावसाबरोबर हळूहळू खाली आली. 1963 मध्ये मॉस्को येथे वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, आणि त्याच वर्षाच्या सुमारास ही धूळ सर्वाधिक प्रमाणात जमिनीवर उतरत होती. तिच्यातील सीझियम-137 व स्ट्रॉन्शियम-90 ही दोन मूलद्रव्ये दीर्घकाळ टिकणारी आहेत. पहिल्याचे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षे व दुसऱ्याचे सुमारे 29 वर्षे. 1963 च्या पावसाबरोबर जे सीझियम बिजौलीच्या शेतांत उतरले, त्यातील चतुर्थांशाहून थोडे कमी अजून फुटावयाचे राहिले आहे. ते प्रमाण अत्यल्प असून त्यापासून कोणास भय नाही. मात्र ज्या मार्गाने ते अत्यल्प द्रव्य हरभऱ्याच्या घाट्यात पोचते, तोच मार्ग मोठ्या अपघातानंतर मोठ्या प्रमाणातील द्रव्यही धरते. म्हणून तो मार्ग जाणून घेणे अगत्याचे आहे.

सामान्य समजूत अशी की, जमीन जितकी अधिक दूषित, तितके पीक अधिक दूषित. ही समजूत अर्धीच खरी आहे. समान प्रमाणात दूषित झालेल्या दोन शेतांपैकी एकातील धान्य निर्धास्तपणे खाता यावे आणि दुसऱ्यातील टाकून द्यावे लागावे, असे प्रत्यक्ष घडलेले आहे.

मुळांची भूल

वनस्पती जमिनीतून काय उचलते, हे किरणोत्सर्गी अणूंच्या साहाय्याने प्रथम पाहिले ते हंगेरियन शास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी. 1923 मध्ये त्यांनी बाकल्याची रोपे शिशाच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली. त्या शिशात किरणोत्सर्गी शिशाचा अंश मिसळलेला होता. त्यामुळे रोपाच्या कोणत्या भागात किती शिसे गेले, हे मोजणे शक्य झाले. बहुतेक शिसे मुळांपाशीच अडकून राहिले आणि खोडापानांत थोडेच चढले. नंतर तीच रोपे साध्या शिशाच्या द्रावणात ठेवताच मुळांतील किरणोत्सर्गी शिसे पुष्कळसे सुटून बाहेर आले. साध्या शिशाने त्याची जागा घेतली होती. सजीवांच्या अभ्यासात किरणोत्सर्गी अणूंचा खूण म्हणून केलेला हा पहिलाच उपयोग होय. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली : मुळांच्या दृष्टीने किरणोत्सर्गी शिसे व साधे शिसे यांत काहीच अंतर नाही.

अणुकेंद्र अस्थिर आहे की स्थिर, हे मुळांना कळत नाही. मुळांच्या टोकांजवळ जे सूक्ष्म केश असतात, त्यांच्या पेशींभोवती पातळ पटल असते आणि त्या पटलात निरनिराळ्या क्षारांसाठी निरनिराळी द्वारे असतात. मातीतील पाण्यात विरघळलेले क्षार विद्युद्भारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या, रूपाने या द्वारांपाशी येतात. द्वार ओळखते ते आयनाचा आकार आणि त्यावरील विद्युद्भार. सीझियमचा आयन पोटॅशियमच्या आयनासारखाच एक धन भार धारण करणारा व आकाराने त्याहून थोडासाच मोठा असतो. स्ट्रॉन्शियमचे कॅल्शियमशी असेच साम्य आहे. सीझियमची वनस्पतीला कोणतीही गरज नाही. पण पोटॅशियमसाठी उघडलेल्या द्वारातून ते आत शिरते. जत्रेच्या गर्दीत घरच्या पोरांबरोबर शेजारचे पोरही पंक्तीस बसून जावे, तसा हा प्रकार आहे.

मात्र द्वारे सर्वकाळ सारखीच उघडी नसतात. मातीत पालाश पुरेसा असला, म्हणजे रोप त्याच्या शोधासाठी फारशी धडपड करीत नाही. पालाशाची टंचाई झाली की ते एक वेगळ्या प्रकारची, अधिक ओढ असलेली द्वारे मुळांत तयार करते. ही भुकेली द्वारे पारख करण्याच्या कामी कच्ची असतात. पोटॅशियमच्या आशेने ती सीझियमही ओढून घेतात. भाताच्या रोपात हे काम मुख्यतः कोणत्या द्वारातून होते, याचा शोध 2017 मध्ये लागला. ते द्वार बनविणारे जनुक निकामी केलेल्या भातात सीझियमचे शोषण फारच कमी झाले. पिकात सीझियम किती चढेल, हे अशा रीतीने बव्हंशी पिकाच्या भुकेवर अवलंबून असते.

युरेनियमच्या कुळातील मूलद्रव्यांची वर्तणूक निराळी आहे. रेडियम हे कॅल्शियमचे सगोत्र असल्याने रोपात बऱ्यापैकी वर चढते. थोरियम मात्र मातीला व मुळांच्या बाह्य भागाला चिकटून बसते. पानांत त्याचा मागमूसही क्वचितच लागतो. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डिसूझा व मिस्त्री या संशोधकांनी थोरियम, रेडियम, शिसे व पोलोनियम यांच्या शोषणाची तुलना करून 1970 मध्ये प्रसिद्ध केली. केरळाच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाची थोरियमयुक्त वाळू आहे आणि त्या वाळूवर पिकणारे अन्न लोक पिढ्यानपिढ्या खात आले आहेत. तेव्हा हा प्रश्न भारतात केवळ पुस्तकी नव्हता.

मातीची पकड

मुळांपाशी आयन पोचण्यापूर्वी मातीने त्याला सोडावयास हवे. येथे मातीच्या जातीचा प्रश्न येतो. बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या जमिनींना चार नावांनी ओळखतो. उंचवट्यावरील, खडकाळ, भरड तांबडी ती राकड. त्याहून बारीक पोताची, फिकट तांबूस ती पडुआ. सखल भागातील काळसर, घट्ट ती काबर. आणि खोल, काळी, महाराष्ट्रातील शेतकऱ्यास आपल्या कपाशीच्या रानाची आठवण करून देणारी ती मार. प्रयोगशाळा नसतानाही शेतकऱ्याने केलेली ही विभागणी, किरणोत्सर्गी द्रव्यांच्या दृष्टीने पाहिले तरी, मोठी उपयोगाची ठरते.

चिकणमातीचे कण हे अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि त्यांवर ऋण भार असतो. त्यामुळे धन भाराचे आयन त्यांना चिकटून राहतात. बहुतेक आयनांच्या बाबतीत ही चिकटण सैल असते. दुसरा आयन आला की पहिला जागा सोडतो. सीझियमचे मात्र एक वैशिष्ट्य आहे. अभ्रक झिजून जी खनिजे बनतात, त्यांच्या पापुद्र्यांच्या कडा जुन्या पोथीच्या पानांप्रमाणे किंचित उकललेल्या असतात. सीझियमचा आयन आपल्याभोवतीचे पाणी सहज टाकून देतो आणि त्या फटीत जाऊन असा बसतो की, पापुद्रे त्याच्याभोवती मिटून जातात. एकदा तो तेथे बसला की, वर्षानुवर्षे हलत नाही. जगभर जमिनीची धूप मोजण्यासाठी शास्त्रज्ञ 1963 च्या सुमाराच्या याच सीझियमचा उपयोग करतात. एखाद्या उतारावर ते कमी आढळले, तर तेथील माती वाहून गेली असे समजावयाचे. सीझियम मातीशी इतके घट्ट बांधलेले नसते, तर ही युक्ती चाललीच नसती.

स्ट्रॉन्शियमला अशी फट लाभत नाही. ते विनिमयक्षम स्थितीत, म्हणजे सैल, राहते. म्हणून पिकात अधिक सहजपणे चढते. त्याला रोखते ते कॅल्शियमचे आधिक्य. मार जमिनीत चुनखडीचे खडे असतात आणि कॅल्शियम भरपूर असते. तेथे स्ट्रॉन्शियमच्या एका आयनास कॅल्शियमच्या असंख्य आयनांशी स्पर्धा करावी लागते. आम्लधर्मी, चुना धुऊन गेलेल्या जमिनीत ही स्पर्धा दुबळी पडते. कोकणातील जांभ्याची माती या दुसऱ्या वर्गात मोडते.

पिकातील द्रव्याचे मातीतील द्रव्याशी जे प्रमाण, त्यास संक्रमण गुणांक असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनानुसार, तृणधान्याच्या दाण्यासाठी सीझियमचा हा गुणांक वाळूसर जमिनीत सरासरीने सुमारे 0.04 व चिकण जमिनीत सुमारे 0.01 आहे. स्ट्रॉन्शियमसाठी तो अनुक्रमे सुमारे 0.14 व 0.08 भरतो. याचा अर्थ असा की, किलोमागे 1,000 बेकेरेल सीझियम असलेल्या चिकण जमिनीतील गव्हात किलोमागे 10 बेकेरेल येतील आणि वाळूसर जमिनीतील गव्हात 40. तुलनेसाठी हे ध्यानात घ्यावे की, कोणत्याही निर्मळ शेतातील एक किलो गव्हात पोटॅशियम-40 चे सव्वाशेच्या आसपास बेकेरेल असतातच. परंतु ही सरासरी आहे, आणि सरासरीवर विसंबणे किती महागात पडते, हे जपानने 2011 मध्ये पाहिले. त्याकडे पुढे वळू.

दाणा, पाला आणि दूध

मुळांतून आत आलेले द्रव्य रोपात सर्वत्र सारखे पसरत नाही. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांतून सीझियम व स्ट्रॉन्शियम ही दोन्ही पानांपर्यंत जातात. पानांत तयार झालेले अन्न दाण्याकडे व कंदाकडे नेणाऱ्या रसवाहिन्या वेगळ्या. पोटॅशियम या रसवाहिन्यांतून मुक्तपणे फिरते, आणि त्याच्यामागून सीझियमही. म्हणून ते दाण्यात, बटाट्यात, फळात पोचते. कॅल्शियम मात्र एकदा पानात गेले की तेथेच राहते, आणि स्ट्रॉन्शियमचीही तीच गत होते. परिणामी गव्हाच्या दाण्यापेक्षा भुशात, हरभऱ्यापेक्षा त्याच्या पाल्यात स्ट्रॉन्शियम पुष्कळ अधिक सापडावयाचे. दाण्यातही ते बाहेरच्या कोंड्यात अधिक आणि गाभ्यात कमी असते.

भुसा व पाला माणूस खात नाही, हे खरे. पण जनावर खाते. झाशी येथे 1962 मध्ये स्थापन झालेली गवत व चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, यावरूनच या प्रदेशात चाऱ्याचे महत्त्व किती, ते दिसून येते. बुंदेलखंडात पीक निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची चाल आहे. तिला तेथे 'अन्ना प्रथा' म्हणतात. मोकळे सुटलेले जनावर दिवसाकाठी मोठा मुलूख चरून येते आणि विस्तीर्ण जागेवर विरळ पसरलेले द्रव्य एका कासेत गोळा करते. आयोडीन-131 या द्रव्याची वाट प्रायः हीच असते. त्याचे अर्धायुष्य केवळ आठ दिवसांचे. मुळांतून चढावयास त्याला सवडच नसते. ते पानावर पडते, चाऱ्यातून गाईत जाते आणि दोनतीन दिवसांत दुधात उतरते. 1957 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातील विंडस्केल येथे अणुभट्टीस आग लागली, तेव्हा सुमारे 500 चौरस किलोमीटर टापूतील दूध ओतून द्यावे लागले, ते याच कारणामुळे.

पानांची ही वाट स्वतंत्र ध्यानात ठेवावयास हवी. अपघातानंतरच्या पहिल्या हंगामात मातीपेक्षा पानांवरील धूळच अधिक घातक असते. फुकुशिमाच्या अपघातानंतर कित्येक शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शिझुओका प्रांतातील चहाच्या नव्या कोंबांत सीझियम आढळले; ते जमिनीतून आलेले नव्हते, तर जुन्या पानांवर पडून तेथून कोवळ्या कोंबांकडे वाहिलेले होते.

स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत गाय मनुष्यावर एक उपकार करते. तिच्या चाऱ्यात कॅल्शियमच्या तुलनेत जितके स्ट्रॉन्शियम असते, त्याच्या सुमारे एकदशांश प्रमाण दुधात उतरते. अणुचाचण्यांच्या काळात अमेरिकेतील शास्त्रज्ञ एक ग्रॅम कॅल्शियममागे किती स्ट्रॉन्शियम-90 आहे, हे मोजीत आणि त्या मापाला त्यांनी 'सूर्यप्रकाश एकक' असे गोंडस नाव दिले होते. मुलांच्या हाडांत साठणाऱ्या विषाच्या मापास हे नाव शोभत नव्हते, आणि पुढे ते मागे पडले. ज्या आहारात कॅल्शियम मुख्यतः दुधातून येते, तेथे गाईची गाळणी उपयोगी पडते. ज्याला दूध परवडत नाही आणि ज्याचे कॅल्शियम धान्य, डाळी व पालेभाजीतून सरळ येते, त्याला ही गाळणी लाभत नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1955 मध्ये किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी जी शास्त्रीय समिती नेमली, तिच्यावर भारताचे प्रतिनिधी म्हणून मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. समितीच्या 1958 च्या पहिल्या अहवालात भात हे मुख्य अन्न असलेल्या समाजांचा वेगळा विचार झाला, तो याच भेदापायी.

मुंबईकरांच्या घरी हा विषय एकदा अनपेक्षित रीतीने येऊन पोचला. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. त्याचे ढग आयर्लंडवर आले तेव्हा तेथे पाऊस पडला आणि कुरणांत सीझियम उतरले. गवतातून ते गाईंत, गाईंतून दुधात गेले. त्या देशातून भारतात आलेले लोणी वाटपासाठी निघाले, तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यास हरकत घेण्यात आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली, तीत एम. जी. के. मेनन व पी. के. अय्यंगार हे शास्त्रज्ञ होते. समितीने लोणी निर्धोक असल्याचा अभिप्राय दिला आणि 1988 मध्ये तो वाद संपला. हा निष्कर्ष रसायनशास्त्राच्या दृष्टीने अनपेक्षित नव्हता. सीझियमचे क्षार पाण्यात विरघळतात, स्निग्धांशात नाही. त्यामुळे लोणी काढताना ते बहुतांशी ताकातच मागे राहतात. तरीही ज्यांनी हरकत घेतली त्यांची शंका अवाजवी होती, असे म्हणता येणार नाही. आकडे मोजले गेले आणि उघड झाले, ते शंका विचारली गेली म्हणूनच.

ओनामीचे भात

11 मार्च 2011 रोजी भूकंप व समुद्राच्या लाटा यांमुळे जपानमधील फुकुशिमा येथील अणुभट्ट्यांचा अपघात झाला. भातलावणीस जेमतेम दोन महिने उरले होते. सरकारने धान्यासाठी किलोमागे 500 बेकेरेल सीझियमची तात्पुरती मर्यादा ठरविली आणि पूर्वीच्या मोजमापांवरून भाताचा संक्रमण गुणांक सावधपणे 0.1 धरला. त्यावरून हिशेब सरळ होता : ज्या शेताच्या मातीत किलोमागे 5,000 बेकेरेलहून अधिक सीझियम असेल, तेथे लावणी करू नये, इतरत्र करावी. त्या वर्षीचे बहुतेक भात मर्यादेच्या खूपच खाली भरले. परंतु नोव्हेंबर महिन्यात फुकुशिमा शहराच्या ओनामी भागातील एका शेताच्या तांदळात 630 बेकेरेल निघाले. तेथे लावणीस परवानगी होती. मातीचा आकडा निर्धोक म्हणत होता आणि तांदूळ मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देत होता.

शोध घेतल्यावर कारण हाती आले. ज्या ज्या शेतांत तांदूळ अधिक दूषित निघाला, त्यांपैकी बहुतेक शेतांच्या मातीत पिकाला मिळू शकणारा पालाश फार कमी होता. मापकाने मातीतील सीझियम मोजले होते. त्या रोपांची भूक कोणी मोजली नव्हती. यानंतर शेतकऱ्यांना असा सल्ला देण्यात आला की, दर 100 ग्रॅम मातीत किमान 25 मिलिग्रॅम विनिमयक्षम पालाश राहील इतके पालाशयुक्त खत लावणीपूर्वी घालावे. 2012 च्या एप्रिलपासून मर्यादा 100 बेकेरेलवर आणण्यात आली, म्हणजे पाचपटीने कडक करण्यात आली. त्या वर्षीच्या हंगामापासून प्रांतातील तांदळाची प्रत्येक गोणी यंत्राखालून जाऊ लागली. सुमारे एक कोटी तीन लाख गोण्यांपैकी 71 गोण्या मर्यादेबाहेर निघाल्या. 2013 मध्ये 28, 2014 मध्ये 2, आणि 2015 च्या पिकात एकही नाही. या अवधीत सीझियम-137 चा जेमतेम दहावा हिस्सा फुटून गेला होता. उरलेले मातीतच होते. फक्त ते पिकात चढत नव्हते. त्यात खताचा वाटा होता, तसाच मातीच्या पकडीचाही. तेथील अबुकुमा डोंगर ग्रॅनाइटचे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या काळ्या अभ्रकाने सीझियम घट्ट धरून ठेवल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले.

यातील एक गोष्ट थोडी गमतीची आहे. पालाशाचे खत स्वतःच किरणोत्सर्गी असते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या 50 किलोंच्या एका गोणीत पोटॅशियम-40 चे सुमारे आठ लाख बेकेरेल असतात. असे असूनही ते घालणे हिताचे ठरते. कारण शरीर पोटॅशियमचे प्रमाण कायम राखते आणि जास्तीचे बाहेर टाकते. प्रत्येक प्रौढ माणसाच्या शरीरात पोटॅशियम-40 चे सुमारे चार हजार बेकेरेल जन्मभर असतातच. बाहेरून येणाऱ्या सीझियमची तेथे ठरलेली जागा नसते; जितके खावे तितके साठते, आणि प्रौढ शरीरातून त्याचा अर्धा भाग निघून जावयास सुमारे तीन महिने लागतात. स्ट्रॉन्शियम तर हाडांत वर्षानुवर्षे राहते.

जपानने दुसराही उपाय केला. पुष्कळ शेतांतील वरची पाच सेंटिमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरून दूर नेली. सीझियम वरच्या थरातच बसलेले असल्याने किरणोत्सर्ग त्यामुळे एकदम उतरला. परंतु शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या शेणखत घालून कसदार केलेला थरही तोच होता. मागाहून टेकडीची भरड माती आणून टाकली गेली. अशा शेतात पालाश कमी, चिकणमाती कमी, आणि उरलेल्या थोड्या सीझियमला अडविण्याचे सामर्थ्यही कमी. रोग्याचा ताप उतरावा आणि त्याबरोबर अंगातील बळही जावे, तशातलाच हा उपाय होय. तो जेथे अपरिहार्य असेल तेथेच करावा.

बिजौलीसारख्या ठिकाणी तर हा उपाय चालण्याजोगाच नाही. राकड जमिनीत कित्येकदा वीतभर मातीखाली खडक लागतो. ती माती खरवडली, तर शेतच उरणार नाही. त्या मातीत चिकणाचे प्रमाण थोडे, भरड कण अधिक. म्हणून संक्रमण गुणांक वाळूसर जमिनीचा धरावा लागेल. तिच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, ती ग्रॅनाइटची लेक असल्याने तिच्यात अभ्रकाचे कण असतात. फेल्स्पार या खनिजात पालाशही पुष्कळ असतो. पण तो खडकात कोंडलेला आहे, मुळांच्या हाती लागणारा नव्हे. म्हणून अशा जमिनीत सीझियमच्या जोडीने विनिमयक्षम पालाशाचीही परीक्षा करावी लागेल आणि तो कमी भरल्यास खत घालावे लागेल. मार जमिनीत चुना घालण्याचे कारण नाही, कारण कॅल्शियम तेथे मुळातच आहे. उन्हाळ्यात तिला ज्या खोल भेगा पडतात, त्यांतून वरची माती आपोआप खाली जाते, तेव्हा तेथे द्रव्य वरच्या थरातच राहील, असे धरून चालता येणार नाही. नमुना खोलवरून घ्यावा लागेल. दोन्ही जमिनींत हरभरा व बरसीम यांसारखी कॅल्शियम अधिक घेणारी पिके मागे ठेवून आधी तृणधान्य घ्यावे, आणि पहिल्या हंगामाचा पाला-भुसा दुभत्या जनावरांपुढे न टाकता वेगळा रचून ठेवावा.